फळ्यावरचे बावन्न टक्के

ही गोष्ट सांगायचे मी सहा वर्षे टाळले. लिहायला बसलो की चष्मा पुसायचो, पेन बदलायचो, नाहीतर गच्चीवर जाऊन यंत्र बघून यायचो. आता हात थरथरतो. आणखी थांबलो तर लिहिणे जमणारच नाही, ही भीती त्या जुन्या भीतीपेक्षा मोठी झाली आहे.

शेवगावच्या पूर्वेला आमचे गाव. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. मुलाने घरगुती हवामान यंत्र पाठवले. गच्चीवरच्या खांबाला एक पांढरी डबी आणि खाली घरात भिंतीवरच्या पडद्यावर तिचे आकडे. रोज सकाळी तापमान, पाऊस आणि हवेतली आर्द्रता मी दारातल्या फळ्यावर खडूने लिहायचो. येणारे-जाणारे थांबून वाचायचे. ते मला फार आवडायचे, हेही लिहून टाकतो.

समोरच्या घरातली सून घराशेजारच्या शेडमध्ये रेशमाच्या अळ्या पाळायची. तिचा नवरा दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जायचा. तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, म्हणून सासऱ्याने तिला बजावले होते, "ही बॅच निघाली तर ऱ्हा घरी. न्हाई तर औंदा तू बी कोयता धर." तिची मुलगी चौथीत होती. आई तोडीला गेली की लेकही जाणार आणि शाळा सुटणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. मलाही.

अळ्यांचा शेवटचा आठवडा सुरू झाला होता. या दिवसांत त्यांना खेळती हवा लागते. हवा फार कोरडी झाली तर पाला सुकतो, ओली झाली तर रोग येतो. त्या सकाळी मी फळ्यावर बावन्न लिहिले.

"गुर्जी, बावन्न?" ती फळ्यासमोर थांबून म्हणाली. "माझ्या बरणीतल्या मिठाला पानी सुटलंय. हवा वली हाय."

"मग मिठालाच विचारून किडे पाळ," मी म्हणालो. "पाला सुकेल तुझा. खिडक्यांना ओली पोती लाव."

ओट्यावर बसलेला शेजारचा म्हातारा हसला. "अगं, गुर्जीचं यंत्र म्हंजी सासू. तिच्याफुडं सुनेचं खरं कधी व्हतं व्हय?"

सगळे हसले. तीही ओठांतल्या ओठांत हसली आणि घरी जाऊन तिने पोती भिजवली.

दुपारी जेवताना आमच्या ताटातले मीठही ओले निघाले. माझा घास हातातच राहिला. हवा पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेल्याशिवाय मीठ असे पाझरत नाही, हे मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवले होते. मी गच्चीवरून डबी काढून आणली. घट्ट झाकणाच्या डब्यात ती ठेवली, शेजारी बाटलीच्या बुचात ओलसर मीठ ठेवले आणि झाकण लावले. अशा बंद डब्यात आर्द्रता पंचाहत्तरवर येऊन थांबते. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर पाहिले. पन्नास.

यंत्र पंचवीसने कमी दाखवत होते. कधीपासून, देव जाणे.

रस्ता ओलांडून तिच्या घरी जायला वीस पावले पुरतात. मी चप्पल घातली आणि फळ्यापर्यंत गेलो. म्हातारा ओट्यावर बसलेलाच होता. काल सगळ्यांसमोर मी तिला हसलो होतो. मी खडू उचलला, बावन्न पुसले, सत्त्याहत्तर लिहिले आणि आत आलो. हवा बदलली असेल असे लोकांना वाटेल. ती वाचेल, पोती काढेल, कुणाला काही कळणार नाही.

ती आली नाही. शेवटच्या दिवसांत अळ्या अखंड खातात, ती पाला कापण्यातच बुडाली होती. मी खिडकीतून बघत राहिलो. पोती लटकलेलीच होती आणि संध्याकाळी ती पुन्हा त्यांवर पाणी मारत होती. मी शेडच्या मागे जाऊन कान दिला. हजारो अळ्या पाला खातात तेव्हा बारीक करकर ऐकू येते. आवाज आहे म्हणजे सगळे ठीक आहे, असे म्हणून परत फिरलो. दुसऱ्या दिवशीही तेच केले. तिसऱ्या दिवशी आवाज उतरलेला वाटला. चौथ्या दिवशी कान भिंतीला लावला तरी काही ऐकू येईना. मी तिथून अक्षरशः पळालो.

अळ्या पांढऱ्या आणि कडक होऊन पडल्या होत्या, खडूच्या कांड्यांसारख्या. तिने त्या टोपलीत भरून बाहेर आणल्या तेव्हा सासरा रस्त्यावर ओरडत होता.

"गुर्जींनी चार दिस झालं फळ्यावर सत्त्याहत्तर लिवलंय. आंधळी हायस का? इचार गुर्जीला."

तो माझ्याकडे वळला. तीही माझ्याकडे बघत होती. "लिहिले होते," मी म्हणालो. तेवढेच म्हणालो. ते खोटेही नव्हते.

दिवाळी झाली आणि ती लेकीला घेऊन ट्रकमध्ये चढली. मुलीची शाळा सुटली ती सुटलीच. पुढे ते कुटुंब तोडीच्या मुलखात, राहात्याकडेच राहिले.

दोन वर्षांपूर्वी मी तिकडे गेलो. घरी सांगितले, शिर्डीला दर्शनाला चाललोय. एसटीत बसून पाठ केलेले वाक्य मनात घोकत होतो. विचारत विचारत उसाच्या फडाजवळच्या झोपड्यांपर्यंत पोचलो. तिने डोक्यावर पदर ओढला, पाय धुवायला पाणी दिले, चहा टाकला. लेक कोयत्याला धार लावत बसली होती.

"यंत्र चालू हाय ना, गुर्जी?" तिने विचारले.

"आहे."

"तुमी तर बराबर लिवलं हुतं. माझंच ध्यान न्हवतं. ह्या पोरीला बी मी त्येच सांगती."

मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी चहा संपवला. चांगला झालाय म्हणालो आणि निघालो.

एसटीत घोकलेले वाक्य असे होते: पोरी, तुझं मीठ खरं होतं आणि माझं यंत्र खोटं, आणि हे मला पोती वाळायच्या आत कळलं होतं, मला माफ कर.