गिअरबॉक्सची खांदशेकणी

आमच्या जुन्या पिकअपचा दुसरा गिअर धड पडत नव्हता आणि त्यापायी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. सकाळी थंड गाडीचा दांडा ओढला की असा कर्रर्र आवाज यायचा, की गल्लीतली कुत्री दचकून उठायची. मागे मिरची, वांगी, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या लादून राजूर घाट चढताना मी जीव मुठीत धरून बसायचे. गिअर नाही पडला तर गाडी घाटात मागे यायला किती वेळ लागतो!

माझ्या नवऱ्याने यावर उपाय काढला होता. गाडी विकायची. अमडापूरचा एक माणूस पोळा झाला की बघायला येणार होता. "भाजी जागेवरच व्यापाऱ्याले देऊन टाकू, तुये हेलपाटे वाचतीन," असं वर मला सांगितलं. म्हणे हेलपाटे! शेतात हा माणूस रेड्यासारखा राबतो, पण स्टेअरिंग हातात आलं की त्याला घाम फुटतो. गाडी पहिल्यापासून मीच चालवते. त्या सीटवर बसले की माल माझा, भाव माझा आणि जबान माझी. गाडी गेली की मी परत बांधावर बसून व्यापाऱ्याचं तोंड पाहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

गाडी मला सासऱ्यांनी शिकवली. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मोकळ्या खळ्यावर ते शेजारी बसायचे आणि मी गाडी कडब्याच्या गंजीत घातली तरी हूं की चूं करायचे नाहीत. गावातले विचारायचे, "सून डायवर केली का काय?" मामाजी म्हणायचे, "हाव, केली. तुमच्या पोटात काऊन दुखते?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या भागात खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलांचे खांदे धुवायचे, लोणी-हळद लावून पळसाच्या पानाने शेकायचे आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणून त्यांना आवतण द्यायचं. पोळ्याला पुरणपोळीचं पहिलं ताट त्यांचं. आमची जोडी म्हातारी होऊन एकामागून एक गेली, त्यानंतरचा तो पहिला पोळा होता. तरी मामाजींनी सकाळी वाटीत लोणी-हळद कालवली, पळसाची पानं तोडून आणली आणि रिकाम्या गोठ्यासमोर बसून राहिले. मला ते बघवेना.

"मामाजी, कोनाचे खांदे शेकता आता?"

त्यांनी पिकअपकडे पाहिलं. "इचे. इच्या गिअरबॉक्सातलं तेल कवा बदललं होतं?"

मला आठवेना. इंजिनाचं तेल आम्ही वेळेवर बदलायचो, पण गिअरबॉक्सला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी तशीच गाडी काढली, मोताळ्याहून गिअर ऑइलचा डबा आणला आणि गोठ्यापुढच्या कोरड्या नालीवर चाकं दोन्ही बाजूंना घेऊन गाडी उभी केली. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवला आणि खाली शिरले.

गिअरबॉक्सला नट दोन असतात. खालचा तेल सोडायला आणि कुशीत वरच्या बाजूला असलेला भरायला. मी विचारलं, आधी कुठला? मामाजी वरून म्हणाले, "खालचा. आधी आंघोळ, मंग हळद. बैलाच्या अंगावर घाण असताना कोनी हळद लावते का?" मलाही ते पटलं. खालचा नट फिरवला आणि काळंकुट्ट तेल भदाभदा घमेल्यात आलं. त्यात लोखंडाचा बारीक चुरा चमकत होता. मामाजींनी बोट बुडवून पाहिलं आणि नुसतं "अरेरे" म्हणाले.

तेल निथळलं, खालचा नट घट्ट केला आणि वरच्या नटाला पाना लावला. तो हलेना. मी लोंबकळले, लाथ घातली, माहेरच्या सगळ्या शिव्या दिल्या. नटाचे कोपरे झिजायला लागले तेव्हा मी पाना काढून घेतला. जुनं तेल तर सांडून बसलो होतो आणि नवं घालायची वाट बंद. कोरड्या गिअरबॉक्सने गाडी गावाबाहेरही जाणार नव्हती. आधी वरचा उघडतो का एवढं पाहायला हवं होतं, पण आम्ही आंघोळीच्या नादात राहिलो.

तेवढ्यात नवरा शेतातून आला. वाकून पाहिलं आणि म्हणाला, "झालं! आता अमडापूरवाल्याले आजच बोलावतो. दोर लावून, टोचन करून, तो हाय तशी नेईन." त्याने खिशातून फोन काढलेला मला खालून दिसला.

"फोन ठेवा, नाईतर हा पाना फेकून मारीन!" सासऱ्यांसमोर नवऱ्यावर ओरडायची ती माझी पहिलीच वेळ. मला रडू फुटलं होतं आणि ते लपवायलाही खाली जागा नव्हती.

"ठेव बे तो फोन," मामाजी म्हणाले. मग मला म्हणाले, "पोरी, रडू नको. आखडलेल्या खांद्याले आपन काय करतो? शेकतो. मंग यालेबी शेकू."

चुलीवर पाणी उकळलं. मामाजी चिमट्याने गोणपाटाचे तुकडे त्यात बुडवून द्यायचे आणि मी ते नटाभोवती दाबायचे. हात भाजत होते. बराच वेळ शेक दिल्यावर पान्याच्या दांड्यात लांब पाइप अडकवला आणि नवऱ्याला हाक मारली. तो मुकाट्याने खाली आला. दोघांनी मिळून जोर लावला आणि कट्ट असा आवाज झाला. नट फिरला! मी नवऱ्याच्या तेलकट खांद्यावर डोकं टेकून हसत सुटले.

नवं तेल भरायला मामाजींनी माळ्यावरचं पेरणीचं सरतं काढलं. तिफणीमागे चालत मी ज्यातून मूठमूठ तूर सोडायचे, ते. त्याच्या लाकडी वाटीला ठिबकची नळी जोडली आणि तेल सावकाश सोडलं. भोकातून थेंब बाहेर यायला लागले तेव्हा वरचा नट लावला.

मी गाडी चालू केली. नवरा शेजारी बसला. फाट्याच्या रस्त्याला लागून दांडा दुसऱ्यात ओढला, तर टक् करून बसला. परत काढला, परत टाकला. लोण्यातून सुरी जावी तसा. मग नवऱ्याने फोन लावला आणि अमडापूरवाल्याला म्हणाला, "गाडी नाई इकाची, भाऊ. आमच्या घरी लागते."

घरी आलो तर मामाजी वाटी घेऊन उभे. त्यांनी गिअरच्या दांड्याला हळदीचं बोट लावलं. मग पळसाचं पान लोण्यात बुडवून मला म्हणाले, "वाक." आणि हात न लावता, पानानेच, शर्टावरून माझ्या खांद्याला लोणी-हळद लावली.

"मामाजी, मले बैल समजता का?"

"घराचं जू कोनाच्या खांद्यावर हाय, मले दिसत नाई का? आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

दुसऱ्या दिवशी मला चुलीकडे फिरकू दिलं नाही. पुरण नवऱ्याने शिजवलं, पोळ्या मामाजींनी लाटल्या, एकही गोल नव्हती. पहिलं ताट माझ्यापुढे ठेवून दोघं समोर बसले आणि मी घास घेईपर्यंत कुणी जेवलं नाही. पुरण खालून करपलं होतं. मी परत मागून घेऊन खाल्लं.