पेपरात आलेलं नाव

कुरुंद्याच्या शाळेत खिचडी शिजवायचं काम सोजराबाईला २००३ साली मिळालं. बौद्ध बाईच्या हातचं अन्न काही घरांना आधीच खुपत होतं, पण लेकरं दोन-दोनदा वाढून घेत आणि पातेलं घासायला तळाशी काही उरत नसे. चार महिने बरे गेले. पावसाळ्यात तिचा नवरा भिवाजी नांदेडच्या दवाखान्यात वारला. ट्रकवर ड्रायव्हर होता, वर्षभरात पार वाळून गेला होता. डॉक्टरांनी तिला बाजूला नेऊन आजाराचं नाव सांगितलं. तिचंही रक्त तपासलं, ते चांगलं निघालं. बारावीतल्या लेकीला, दीक्षाला, तिनं एवढंच सांगितलं की फुफ्फुसं गेली.

तेराव्या दिवशी हिंगोलीच्या एका साप्ताहिकात ठळक मथळा आला : ‘कुरुंद्यात एड्सचा बळी’. खाली भिवाजीचं पूर्ण नाव, वय. आणि शेवटी, मृताची पत्नी शाळेत पोषण आहार शिजवते.

दुसऱ्या दिवशी शाळेत निम्मी लेकरंच आली. मुख्याध्यापक भागवत सरांनी तिला बोलावलं.

“बाई, माझं काही म्हणणं न्हाई. पर लोक लेकरं पाठवून न्हाई राहिले.”

“माझ्या रक्ताचा कागद हाय, सर.”

“कागद कोण बघते? पेपर बघतेत.”

काम गेलं. दीक्षा पेटून उठली. तिला ती बातमी साफ खोटी वाटत होती. आईला घेऊन ती थेट संपादकाकडं गेली. हरिचंद संपादक माणूस गोड. त्यानं खुर्च्या दिल्या, चहा सांगितला.

“वहिनी, हा आजार नव्हता असा कागद आणा. पहिल्या पानावर खुलासा छापतो.”

सोजराबाईनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, “आजार व्हता.”

“मग आमची बातमी खोटी कशी?”

“खोटी न्हाई. पर ती माझ्या घरातली हाय. नाव काहून छापलं?”

“लोकांना सावध करायला नको?”

“मेलेल्या माणसापासून?”

हरिचंदनं पोऱ्याला चहाचे कप उचलायला सांगितलं. एसटीत दीक्षा खिडकीकडं तोंड करून बसली. औंढा गेल्यावर म्हणाली, “त्या पेपरवाल्याला सांगितलंस. मला न्हाई.”

पोलीस चौकीत जमादार धर्मसिंगनं अर्ज वाचून परत दिला. “खोटं छापलं असतं तर बदनामी झाली असती, बाई. खऱ्याला आमी काय करावं?”

पंधरा दिवस मायलेकी कामापुरतं बोलत होत्या. मग कुणाकडून तरी कळलं, वर्तमानपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं मंडळ दिल्लीत असतं. दीक्षानं स्वतःहून तक्रार लिहिली, कात्रण जोडलं. दीड वर्ष पत्रं येत-जात राहिली. सोजराबाई तोवर लोकांच्या रानात हळद काढायला जाऊ लागली. दुपारी बाया भाकरीची फडकी सोडून गोल बसत, ती बांधावर वेगळी बसे. ऊठ असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

२००५च्या उन्हाळ्यात निकाल आला. बातमी खरी असली तरी रोग्याचं नाव छापायला नको होतं, साप्ताहिक चुकलं, असं मंडळानं म्हटलं होतं. दंड करण्याचा अधिकार मंडळाला नव्हता. निकाल साप्ताहिकानं आपल्याच अंकात छापावा, एवढा आदेश होता. सोजराबाईनं पत्र तीनदा वाचून घेतलं.

“म्हंजे आपण बराबर व्हतो?”

“व्हय, आई.”

त्या रात्री तिनं पुष्कळ दिवसांनी गोडाचं केलं.

हरिचंदनं निकाल छापला. पहिल्या पानावर, चौकट टाकून, एक अक्षर न गाळता. भिवाजीचं नाव, सोजराबाईचं नाव, गाव, आजार. दोन वर्षांत साप्ताहिकाचा खप वाढला होता, अंक आता जवळा बाजार या गावीही जात होता. तिथल्याच एका घरात दीक्षाची सोयरीक ठरत आली होती. तिसऱ्या दिवशी मुलाचे मामा आले, पाणीसुद्धा न घेता उभ्यानंच म्हणाले, “आमाला कुणी सांगितलंच नव्हतं.”

सोजराबाईनं एसटीडीच्या दुकानातून हरिचंदला फोन लावला. “वहिनी,” तो म्हणाला, “हुकुमाप्रमाणंच छापलं की.”

घरी आली तर दीक्षा नवी तक्रार लिहायला बसली होती.

“तिच्यात परत नाव घालावं लागंल,” सोजराबाई म्हणाली.

दीक्षानं पेन मिटलं. कोरा कागद वहीत घालून ठेवला. तक्रार गेली नाही. पुढच्या वर्षी दीक्षा नर्सिंग शिकायला औरंगाबादला गेली, आणि कुणी गाव विचारलं की कुरुंद्याऐवजी तालुक्याचं वसमत सांगू लागली.