ढग बंद केला

हात मोडला होता माझा, डोकं नव्हे. पण घरात तेवढा फरक कुणी केला नाही.

सेलूहून वालूरला येताना मेंढरांचा कळप अचानक रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला, स्कूटी एकीकडे गेली आणि मी दुसरीकडे. कळपवाल्यानंच उचलून बसवलं, पाणी पाजलं. डावं मनगट गेलं, बाकी मी शाबूत होते. शाळेतून निवृत्त झालेली बाई, नवरा जाऊन काही वर्षं झालेली, घरात एकटी. पण त्या स्कूटीवर सेलूचा बाजार, विहारातली पौर्णिमा, मैत्रिणींच्या नातवंडांची बारशी, सगळं माझं मी करत होते. कुणाला "मला सोडता का हो" म्हणायची वेळ आली नव्हती.

पुण्याच्या मुलानं फोनवरच निकाल दिला. "आई, गाडी विकून टाकू. या वयात कशाला?" मुलगी सोबतीला आली, इथूनच कॉम्प्युटरवर ऑफिसचं काम करायला लागली, आणि पहिल्याच दिवशी स्कूटीची चावी तिनं आपल्या पर्समध्ये टाकली. मी गप्प बसले. हात प्लास्टरमध्ये होता आणि माझी वेणीसुद्धा तीच घालत होती. अडला हरी म्हणतात ना, तशी गत.

प्लास्टर निघालं तर बोटं वळेनात. परभणीच्या डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला. चार दिवस दाबला आणि कोपऱ्यात फेकला. मग मुलीनं तिचा एक व्हिडिओ गेम लावून दिला. त्याचा हातात धरायचा रिमोट असा की डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्यानं उडी मारायची. गेम नवाच, पण मुद्दाम जुन्या काळासारखा केलेला. चौकोनी ठिपक्यांची माणसं, टुणटुण वाजणारं संगीत. डावीकडून उजवीकडं जायचं, खड्डे ओलांडायचे, शेवटी किल्ल्यात शिरायचं. त्यात तीन माणसं होती. भाला घेतलेला शिपाई, दोरीवर चालणारी पोरगी आणि घण घेतलेली एक म्हातारी. जंगल तेच, किल्ला तोच, पण प्रत्येकाची वाट निराळी, गोष्ट निराळी. एकाची संपली की दुसऱ्याची उघडणार.

मी आधी नाक मुरडलं, मग असा नाद लागला की वरण उतू जायला लागलं. खड्ड्यात पडलं की खालून एक पांढरा ढग यायचा आणि अलगद उचलून काठावर ठेवायचा. मला ती रीत फार आवडली. विहारातल्या बायकांना मी फोनवर सांगितलंही, "लय सज्जन गेम हाय बाई. पडू देतो, पण मरू देत न्हाई."

शिपायाची गोष्ट संपवली. पोरीचीही संपवली. मुलीनं टाळ्या वाजवल्या, मुलगा पुण्याहून "वा, आई!" म्हणाला, आणि मी दोन दिवस घरातल्या घरात ताठ मानेनं हिंडले. शिपायाच्या गोष्टीत शेवटी किल्ल्याच्या दारात एक म्हातारी आडवी येते आणि तो तिला ढकलून आत जातो. तीच म्हातारी आता माझ्या हाती येणार होती. ती दारात का उभी होती ते मला बघायचंच होतं.

दुपारी मुलगी आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगला बसली होती. तिला त्रास नको म्हणून आवाज कमी करायला मी गेमच्या सेटिंगमध्ये गेले. आवाजाच्या खाली एक ओळ होती. पडल्यावर वाचवा, अशा अर्थाची, आणि पुढं बरोबरची खूण. काय होतं बघावं म्हणून ती खूण मी काढली आणि दोरीवरच्या पोरीचा पहिलाच टप्पा पुन्हा लावला. पहिल्या खड्ड्यात पडले. ढग आला नाही. पडदा काळा झाला. पुन्हा लावला, पुन्हा पडले. तेव्हा कळलं की ढग गेमचा नव्हता, माझ्या लेकीचा होता. माझी इतक्या दिवसांची मर्दुमकी त्या ढगाची होती.

असा संताप आला की कानशिलं तापली.

लहानपणी आमच्या गल्लीत लपंडाव, पकडापकडी चालायची. मी सगळ्यांत धाकटी, म्हणून कच्चं लिंबू. कच्च्या लिंबावर राज्य येत नाही, ते कधी बाद होत नाही. मोठ्यांना वाटतं, लाडच आहेत. पण जी कच्चं लिंबू झालीय तिला विचारा. तुम्ही जीव तोडून पळता आणि मागं वळून बघता तर कुणी पाठलागच करत नसतं. एकदा मी भर खेळात रडून, पाय आपटून राज्य मागून घेतलं होतं. साठी ओलांडल्यावर पुन्हा तेच मागावं लागेल असं वाटलं नव्हतं.

मीटिंग संपताच मुलीला समोर उभं केलं.

"मला कच्चं लिंबू केलंस व्हय गं?"

"आई, तुझ्या हाताला ताण नको म्हणून लावला ढग. त्यात काय एवढं?"

"मग टाळ्या कशाला वाजवल्यास? ढगासाठी?"

मी म्हातारीची गोष्ट ढगाशिवाय सुरू केली. म्हातारीची उडी आखूड, चाल संथ. पण घण असा की भिंत फुटावी. मी काट्यांवर पडले, पाण्यात बुडाले, वटवाघळांनी मला खाली लोटलं. डावा अंगठा ठणकायचा. मुलगी स्वयंपाकघरातून बघून कळवळायची.

"आई, बघवंना गं. नुसती मरायलीस. लाव की ढग."

"तू बघू नको. माझी म्हातारी हाय, मी मारीन न्हाई तर जगवीन."

एका संध्याकाळी मी सहज विचारलं, "तू कशी गेली होतीस इथून?" तिनं पदार्थात मीठ विसरल्यासारखं तोंड केलं. "मी बी ढगावरच." मी इतकी हसले की रिमोट पडला. मग तिला शेजारी बसवलं. ती पडली, मी पडले, परत ती पडली. लेक पडताना माझाही हात सेटिंगकडं जायला बघत होता, खोटं कशाला बोलू? मी तो मांडीखाली दाबून बसले.

आणि मग एक दिवस म्हातारी किल्ल्यापाशी पोचली. ते दार तिनंच घडवलेलं होतं. आत तिचाच मुलूख होता आणि तिलाच आत घेत नव्हते. तिनं घण घातला. दार फुटलं. ह्या वेळी मुलीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती माझ्या सुजलेल्या अंगठ्याकडं बघत राहिली. मला ते टाळ्यांपेक्षा बरं वाटलं.

त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. जिंतूरकडचं गिऱ्हाईक मिळालंय, रविवारी गाडी न्यायला येतील, असं तो भराभरा सांगत होता.

"गाडी विकायची न्हाई," मी म्हटलं.

"आई, पुन्हा पडलीस म्हणजे?"

"पडंन. माझं मी पडंन आणि माझं मी उठंन. न्हाई उठता आलं तर हाक मारीन. तवर कुणी उचलायचं न्हाई मला."

"तू समजाव गं हिला," तो बहिणीला म्हणाला. "आणि चावी देऊ नकोस."

आजवर ही लेक दादाच्या शब्दाबाहेर गेलेली मी पाहिली नव्हती. ती फोनकडं वाकली आणि म्हणाली, "दादा, चावी आईकडंच हाय."

धडधडीत खोटं. फोन ठेवल्यावर ती उठली, पर्समधून चावी काढली आणि उजवा सोडून माझ्या डाव्या हातावर ठेवली. मी मूठ वळली. वळली.