तीन दिवसांचा जिना

माझ्या मेलमध्ये ‘जिना’ नावाचा एक फोल्डर आहे. बाकीचे फोल्डर मी दरवर्षी साफ करतो. नको ते मेल ठेवायची मला सवय नाही. या फोल्डरमधला मात्र नऊ वर्षांत एकही मेल पुसलेला नाही.

मी करमाळा तालुक्यातल्या मेंढरं राखणाऱ्या घरातला. घरातला पहिला पदवीधर. दहावीनंतर ज्या गुरुजींनी मला एसटीत स्वतःशेजारी बसवून सोलापूरला आणलं आणि वसतिगृहात जागा मिळवून दिली, ज्या ग्रंथपाल बाईंनी सुटीच्या दिवशीही मला कॉलेजचा कॉम्प्युटर वापरू दिला, नेदरलँड्समध्ये ज्या टीम लीडने सायकलवरून वळताना हात कसा दाखवायचा इथपासून शिकवलं, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. भेटले की तसं सांगतोही. एका माणसाचा मात्र मी ऋणी नाही. हे त्याच्याबद्दल आहे.

माझी पहिली नोकरी सोलापुरात, सात रस्ता चौकापाशी, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. वेबसाइट बनवायचं छोटं ऑफिस होतं. आम्ही चौघं आणि सर. सरांचा एक नियम कडक होता: कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ नको, म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर, जिन्यात दाराशी काढायच्या. सरसुद्धा काढायचे. त्यांच्या कोल्हापुरी चपला इतक्या वाजायच्या, की ते खालच्या मजल्यावर असतानाच आम्ही खुर्च्या सरळ करायचो.

चादरींच्या कारखान्यांच्या, कॉलेजांच्या, दवाखान्यांच्या साइट मी तिथं पहिल्या ओळीपासून लिहिल्या. ग्राहक आला की सर म्हणायचे, “हे मीच केलंय, पोरांनी फक्त टायपिंग केलं.” मला राग यायचा नाही. शिकायला मिळतंय, एवढंच वाटायचं.

पहिल्याच वर्षी सरांनी ऑफिसची स्वतःची साइट करायला सांगितली. साइटला आधी नाव नोंदवावं लागतं, त्याला डोमेन म्हणतात. नोंद ज्याच्या मेलवर, नाव त्याच्या ताब्यात. मी त्यांचा मेल मागितला.

“माझ्या मेलवर आधीच कचरा येतो,” सर म्हणाले. “तुझ्याच मेलवर घे. दहा वर्षांसाठी घेऊन टाक, परत बघायला नको.”

लहान ऑफिसांत असंच चालतं. ज्याच्या हातात त्या दिवशी माऊस, त्याच्या मेलवर सगळ्या किल्ल्या. मी माझ्या खात्यात नाव घेतलं. ऑफिसचे सगळे मेलही त्याच नावावर चालू लागले.

पावणेदोन वर्षांनी मला नेदरलँड्समधल्या एका कंपनीने निवडलं. तीन मुलाखती झाल्या होत्या. व्हिसाच्या कागदांसाठी त्यांना एकच गोष्ट हवी होती, अनुभवाचं पत्र. मी काय काम केलं, किती दिवस केलं, एवढंच लेटरहेडवर लिहून खाली सही.

सर म्हणाले, “शिकवलं मी आणि उडालास तू. बघू.”

ते बघू महिनाभर चाललं. मी नोटीस पुरी करून व्हिसाच्या कामांसाठी पुण्याला गेलो, तिथून रोज फोन करत राहिलो. शेवटी घरी फोन करून आबांना, माझ्या वडिलांना, म्हणालो, “सर कागद देत न्हाईत, आणि आठवड्यात तो दिला न्हाई तर नोकरी जाईल.”

आबांनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. मला न सांगता सोलापूरला गेले.

जानेवारीचे दिवस होते. जाताना सरांसाठी घरच्या लोकरीचं नवं घोंगडं घेऊन गेले. तीन दिवस ते ऑफिसच्या जिन्यावर बसले. सकाळी यायचे, संध्याकाळी वसतिगृहाशेजारच्या धर्मशाळेत जायचे. ऑफिसातली मुलगी दर तासाला त्यांना सांगायची, “सर बाहेर गेलेत.” घोंगडं सरांसाठी आणलेलं, म्हणून त्या गार फरशीवर त्यांनी ते अंगाखाली घेतलं नाही, मांडीवर धरून बसले. तिसऱ्या दिवशी ते त्या मुलीच्या हातात दिलं आणि गावी परतले.

मला फोनवर एवढंच म्हणाले, “सायेब गावाला गेल्यात. भेट न्हाय झाली.”

तीन दिवसांची हकीकत मला त्या मुलीनेच पुढे कळवली. तिला राहवलं नाही. सर तीनही दिवस आत होते. मागच्या खोलीतच डबा खात होते. तिचा तो मेल ‘जिना’मधला पहिला.

ती नोकरी गेली. पुण्यात दोन वर्षं काढून मी पुन्हा मुलाखती दिल्या, पुण्याच्या अनुभवावर नेदरलँड्सला गेलो आणि तिथं सहा वर्षं राहिलो. चांगली माणसं, शिस्तीचं काम. पाच वाजता सगळे लॅपटॉप मिटायचे. मी एक वही ठेवायचो आणि दिवसभरात काय लिहिलं, काय मोडलं ते तिच्यात टिपायचो, अजून टिपतो. फोनच्या कॅलेंडरात सण टिपायच्याही आधी मी एक तारीख घातली होती: सरांच्या डोमेनची मुदत संपायची तारीख. साधा राग चार महिन्यांत विसरतो माणूस. मला विसरायचं नव्हतं, म्हणून मी त्याची आठवण मशीनवर सोपवली.

गेल्या वर्षी मी सोलापूरला परत आलो. काम त्याच कंपनीचं, घरून. फ्लॅट घेतला तोही सात रस्त्याजवळच. मग मुदत संपायच्या सूचना येऊ लागल्या. दोन महिने राहिले, एक महिना राहिला, सात दिवस राहिले. प्रत्येक मेल मी वाचला आणि ‘जिना’त टाकला. एक बटण दाबलं असतं तर मुदत वाढली असती. सरांना एक फोन केला असता तरी पुरलं असतं. मी दोन्ही केलं नाही. मुदत संपल्यावरही महिनाभर नाव सोडवून घेता येतं, हे मला माहीत होतं. तो महिना माझा होता.

ठरलेल्या दिवशी त्यांची साइट बंद पडली. सगळे मेल थांबले. मी चहा केला आणि ते कोरं पान उघडून बघत चहा प्यायलो. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

दुपारी त्यांच्या ऑफिसातून मेसेज आला. कुणी नवीन मुलगी होती. “दादा, जुन्या कागदांत तुमचा मेल सापडला. साइट बंद आहे. सर विचारतायत.”

मी लिहिलं, “सरांना सांगा, मी बाहेर गेलोय.”

सोलापूर लहान आहे. मी परत आल्याचं आणि कुठे राहतो हे सरांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलेलं होतं. दहाच्या सुमारास जिन्यावर चपला वाजल्या. नऊ वर्षांनीही माझी पाठ आपोआप ताठ झाली. बेल वाजली. मी उठलो नाही. फोन आला, तो वाजू दिला आणि मग मेसेज केला, “बाहेर आहे. उद्या या.”

दाराच्या भिंगातून पाहिलं. केस पांढरे झाले होते. ते जाऊन पायरीवर बसले, दुपारपर्यंत.

दुसऱ्या दिवशीही आले. मी आत मीटिंगमध्ये हळू आवाजात इंग्रजी बोलत होतो आणि अधूनमधून भिंगातून बघत होतो. शेजारच्या काकूंनी त्यांना पाणी दिलेलं मला आवडलं नाही. मनात मोजणी चालू होती: दोन झाले, एक राहिला. तिसरा दिवस संपला की दार उघडायचं, पत्र मागायचं आणि पत्र हातात पडल्यावरच डोमेन द्यायचं.

तिसऱ्या दिवशी आबा येणार होते. त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तपासणी होती. साडेनऊला करमाळ्याची एसटी लागणार आणि मी त्यांना स्टँडवर घ्यायला जाणार, असं ठरलं होतं. सर त्या दिवशी नऊलाच येऊन बसले. दार उघडलं तर तिसरा दिवस मोडणार. आबांना फोन लावला. त्यांचा बटणांचा फोन पिशवीच्या तळाशी असतो, त्यांनी उचलला नाही. एक डोळा झाकलेला म्हातारा माणूस स्टँडवर उभा असेल हे मला कळत होतं. सगळं कळत होतं, तरी मी दार उघडलं नाही. हे मी इथं लिहून ठेवतोय, कारण आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

साडेअकराला जिन्यात आबांचा आवाज आला. मी भिंगाला डोळा लावला. आबा एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात पिशवी घेऊन वर येत होते. डोळ्यावर हिरवा कपडा. दोन तास वाट बघून रिक्षाने आले होते. सरांपाशी ते थांबले.

“कोन हाय?”

“मी... यांच्या जुन्या ऑफिसातला. ते बाहेर गेलेत म्हणून बसलोय, काका.”

आबांनी आवाज ओळखला असावा. तीन दिवस त्यांनी तो दाराआडून ऐकला होता.

“बसा की,” ते म्हणाले. “पर हितली फरशीबी लई गार हाय, सायेब.”

सर उठून उभे राहिले. आबा माझ्या दाराशी आले, वाकले आणि हाताने खाली चाचपलं. मग पायाने माझी चप्पल सरकवून मोठ्याने म्हणाले, “आरं, तू घरातच हायस की! उघड.”

मी उघडलं. म्हणालो, “आबा, मी येणारच होतो...”

“व्हय. मी बगितली की वाट. मला सवय हाय.”

ते आत येऊन खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि सरांना म्हणाले, “या. तवाबी तुमी आतच हुता की. तुमच्या चपला दाराशी हुत्या. तिन्ही दिस.”

नऊ वर्षांत आबांनी हे मला सांगितलं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं, ठाऊक असून ते बसले होते आणि मला ‘सायेब गावाला गेल्यात’ म्हणाले होते. मी सरांकडे बघितलं. ते चपला काढायला वाकले होते, ते वाकलेलेच राहिले.

“घोंगडं हाय का आजून?” आबांनी विचारलं.

“कुठलं घोंगडं?” सर म्हणाले.

माझा राग दोन मिनिटांपूर्वी ओशाळला होता, तो त्या प्रश्नाने जसाच्या तसा परत आला.

“सर, पत्र,” मी म्हणालो. “लेटरहेडवर. पावणेदोन वर्षं, कुठल्या कुठल्या साइट केल्या, सगळ्यांची नावं. आज. मग डोमेन.”

“अहो, पण आता तुम्हाला त्याचा काय उपयोग? तुम्ही तर केवढे...” पूर्वी मला ‘अरे’ म्हणणारा माणूस ‘अहो’ म्हणत होता.

“काही उपयोग नाही. पण पाहिजे.”

त्यांनी ऑफिसात फोन केला. ती नवीन मुलगी तासाभरात लेटरहेड घेऊन आली आणि जिन्यातूनच परत गेली. माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून सरांनी हाताने लिहिलं. एका दवाखान्याची साइट ते विसरले; मी ती घालायला लावली. इंग्रजीत ‘सहाय्य केले’ अशा अर्थाचं लिहिलं होतं, ते खोडून ‘केले’ करायला लावलं. सही झाली. मी कागदाला हात घातला तेवढ्यात आबा म्हणाले, “थांब. सायबांनाच वाचू दे. मला आयकायचंय.”

सर इंग्रजीत वाचू लागले.

“मराटीत, सायेब.”

मग ते अडखळत एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. यांनी माझ्याकडे पावणेदोन वर्षं काम केलं. या सगळ्या साइट यांनी स्वतः केल्या. काम मन लावून केलं. आबा बंद डोळ्याची बाजू त्यांच्याकडे करून ऐकत होते.

“एकदा परत,” आबा म्हणाले.

सरांनी परत वाचलं.

मी लॅपटॉप उघडला, मुदत वाढवली आणि नाव त्यांच्या मेलवर केलं. मेल विचारला तेव्हा त्यांनी या वेळी कचऱ्याचं काही काढलं नाही. ते गेले. चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

कागदाचा फोटो काढून मी ‘जिना’त टाकला. मूळ कागद आबांना दिला. त्यांनी घडी घालून डोळ्यांच्या थेंबांच्या पिशवीत ठेवला. माफ केलं का, असं मला कुणी विचारलं तर उत्तर नाही असंच आहे. पण एसटी स्टँडवरचे ते दोन तास कुणाच्या खात्यावर घालायचे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तपासणीला निघताना मी आबांचा हात धरला. दाराबाहेर येऊन ते थांबले आणि माझ्या चपलांना पायाने हळूच ठोकर दिली.

“पुडच्या येळंला कुनाला टाळायचं आसंल,” ते म्हणाले, “तर ह्या आत घेत जा.”