शॉक कुठून बसला?

आमच्या मेंटेनन्सच्या खोलीत किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. चहाच्या सुट्टीत एक जण सांगतो, दुसरा त्यात भर घालतो, आणि आठवडाभरात ज्याच्यावर बेतलं त्यालाच आपला किस्सा ओळखू येत नाही. म्हणून हे मीच सांगून टाकतो, कारण यातले बहुतेक अक्षरशः माझ्या जिवावर बेतलेले आहेत. पहिला मात्र मला ऐकीव आहे. तो घडला तेव्हा मी जमिनीवर पडलेला होतो.

चाकणला गाड्यांचे पत्रे ठोकणारी आमची कंपनी. मी तिथला इलेक्ट्रिशियन. त्या दिवशी प्रेसच्या पॅनलसमोर उभा असताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी आडवा झालो. आता आमच्या धंद्यात पॅनलसमोर माणूस पडला की त्याला हात लावायचा नाही, हा पहिला धडा. बबन धावत आला. बबन म्हणजे चिखलीचा मूळ गाववाला, माझा जोडीदार, अंगानं दांडगा. तो आधी रबरी मॅटवर उभा राहिला आणि कोपऱ्यातला लाकडी दांडा घेऊन त्यानं मला पॅनलपासून ढकलत ढकलत लांब नेलं. सगळं नियमाला धरून झालं.

एवढ्यात आमचा तिसरा गडी, लातूरकडचा काशिनाथ, मागून ओरडला, "अरे, त्याला सप्लायच नाही! सकाळीच बंद केलाय मी!"

मग बबननं दांडा फेकला आणि माझी छाती दाबायला बसला. ट्रेनिंगमध्ये बाहुलीवर शिकवलं होतं तसं, पण बाहुलीपेक्षा जास्त जोरात. तोवर कंपनीच्या दवाखान्यातून शॉक द्यायचं यंत्र आलं आणि माझं हृदय ठिकाणावर आलं. आयसीयूत शुद्धीवर आलो तेव्हा बबन समोर उभा होता, चेहरा पडलेला.

"तुझी बरगडी मोडली रं माझ्या हातानं," तो म्हणाला. "बाहुलीची मोडत न्हाई. मला काय म्हाईत!"

*

डॉक्टरांनी माझ्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं मशीन बसवलं. ठोके मंदावले तर ते ढकलून चालवणार, आणि पिसाळले तर शॉक देऊन ताळ्यावर आणणार. हे ऐकून मी सुन्न झालो. उभ्या नोकरीत एकदाही शॉक खाल्लेला नाही, याचा मला केवढा तोरा! नवीन माणूस आला की मी छाती पुढं काढून सांगायचो. आता त्याच छातीत शॉकची सोय करून ठेवली होती.

बबन आणि काशिनाथ भेटायला आले ते नेमके डॉक्टरांच्या राउंडला. नातेवाईक लोक पथ्यपाणी विचारतात. यांनी विचारलं, "साहेब, एसी की डीसी?"

डॉक्टर म्हणाले, "डीसी म्हणा."

"अर्थिंग कुठं दिलंय?"

डॉक्टरांनी मान हलवून पुढं व्हायचं ठरवलं, तर बबननं वाट अडवली. "आन् चार्जिंगला कसा लावायचा ह्याला?"

"चार्ज करावं लागत नाही. बॅटरी बरीच वर्षं चालते. संपत आली की मशीन बदलायचं."

काशिनाथ बाहेर जाताना मला हळूच म्हणाला, "माने, लई भारी कंपनीचा माल बसवलाय बघ. आपल्या यूपीएसला का असली बॅटरी देत नाहीत?"

*

घरी वेगळाच तमाशा. माझी बायको सुनंदा. तिनं फ्रीजवरचे सगळे मॅग्नेट काढून शेजारणीला देऊन टाकले. इंडक्शनची शेगडी माळ्यावर गेली. मोबाईल शर्टाच्या खिशात दिसला की ती पाल दिसल्यासारखी किंचाळायची. हातभर अंतर ठेवलं की पुरे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण सुनंदाचा हात बहुतेक फार लांब असावा.

मला खटकत होतं ते दुसरंच. ती मला हात लावेना. चहाचा कप टेबलावर ठेवून मागं सरकायची. शर्टाचं बटण तुटलं तर शर्ट काढून मागायची. मनातून फार वाईट वाटायचं. आपण घरातलं उघडं पडलेलं वायरिंग झालो, असं वाटायचं.

तपासणीला निगडीला गेलो तेव्हा तिनं सगळं धैर्य गोळा करून डॉक्टरांना विचारलं, "ह्यांना आतून शॉक बसला आणि तेव्हाच माझा हात ह्यांना लागलेला असला, तर मी मरेन का?"

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "जास्तीत जास्त झिणझिणी येईल. बिनधास्त हात लावा."

बसस्टॉपवर आल्यावर सुनंदानं माझा हात धरला आणि चिखलीत उतरेपर्यंत सोडला नाही. लग्नानंतर चारचौघांत असं पहिल्यांदाच घडत होतं. मशीनपेक्षा मोठा धक्का मला तेव्हा बसला.

*

कामावर परत आलो आणि खरी पंचाईत सुरू झाली. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, वेल्डिंगपासून आणि मोठ्या लोहचुंबकापासून लांब राहा, बेअरिंग तापवायच्या इंडक्शन हीटरजवळ जाऊ नका, बाकी काम करा. कंपनीच्या डॉक्टरांचीही हरकत नव्हती. हरकत होती आबांची.

आबा आमचे मेंटेनन्सचे साहेब. राहायला निगडी प्राधिकरणात, रिटायरमेंट जवळ आलेली, जन्म प्रेसच्या दणदणाटात गेल्यामुळं बारीक आवाज ऐकूच येत नाही. वेल्डिंग चालू असलं की दारातूनच सूचना देणार, "धूर सोसत नाही" म्हणून. माणूस नीटनेटका, पण युनिफॉर्मच्या शर्टाचा खिसा मात्र उजव्या बाजूला, मोबाईल त्यातच. आम्ही ती टेलरची चूक समजायचो आणि पाठीमागं हसायचो.

पहिल्याच दिवशी आबांनी माझ्या खिशातला टेस्टर उपसला आणि आमच्या खोलीतल्या त्यांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला.

"तू स्टोअरमध्ये बसायचं. नट-बोल्ट दे, बल्ब दे. फ्लोअरवर पाय ठेवायचा नाही."

"आबा, डॉक्टरांनी परवानगी दिलीय."

"डॉक्टर तुझ्या घरी सांगायला जाणार नाहीत. मला जावं लागेल."

इलेक्ट्रिशियनचा टेस्टर काढून घेणं म्हणजे काय, ते आमच्यातल्यालाच कळेल. मी रोज बल्ब मोजून द्यायचो आणि बंद पडलेली मशीनं दुसऱ्यांनी चालू केलेली लांबून ऐकायचो. जगलो कशासाठी, असा विचारही एकदा येऊन गेला. मला माझं काम परत हवं होतं, बाकी काही नको होतं.

*

आणि नेमकं तेव्हाच मशीननं आपलं काम दाखवलं. मी स्टोअरच्या खिडकीत बबनला फ्यूज देत होतो. डोकं हलकं झालं आणि दुसऱ्या क्षणी छातीत आतून कुणीतरी लाथ घातली. मी जोरात किंचाळलो. फ्यूज उडून बबनच्या कपाळावर बसला.

पुढचं सगळं अंगात मुरलेल्या सवयीनं झालं. बबननं मॅट शोधली, दांडा शोधला आणि मला पुन्हा ढकलायला लागला. "अरे, मी ठीक आहे," मी सांगतोय, हा ढकलतोय. बबननं ठोकलेली "शॉक, शॉक!" अशी आरोळी काशिनाथनं ऐकली आणि तो थेट पॅनल रूमकडं पळाला. त्यानं मेन पाडला, म्हणजे अख्ख्या लाईनची वीज तोडली. प्रेस थांबले, पंखे थांबले. चाकणमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

प्रॉडक्शनचे मॅनेजर धावत आले. "कोणाला शॉक बसला?"

"मानेला," काशिनाथ म्हणाला.

"कुठून?"

काशिनाथनं माझ्याकडं पाहिलं, बंद पॅनलकडं पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "आतून."

दवाखान्यात मशीन तपासलं. ठोके पिसाळले होते, त्यानं एका शॉकमध्ये आवरले. डॉक्टर खूश, औषध थोडं बदललं. आबा मात्र माझ्याजवळ येऊन बसले. मग विचारलं, "फार दुखलं का रे?"

"क्षणभर, आबा. मग बरं वाटलं. म्हटलं, आत कुणीतरी ड्युटीवर आहे."

मला वाटलं, आता विरघळतील. ते म्हणाले, "आता तर फ्लोअरचं नावच काढू नकोस," आणि निघून गेले. त्यांचा मला इतका राग कधीच आला नव्हता.

*

आता शेवटचा. आमच्या खोलीत रोज सकाळी चहाच्या वेळेला एक बारीक आवाज यायला लागला. पीं-पीं, पीं-पीं, की बंद. आबा धरून चार इलेक्ट्रिशियनच्या खोलीत अज्ञात अलार्म वाजतो, ही काय साधी बेअब्रू आहे? आम्ही यूपीएस खोलला. धुराचे डिटेक्टर उतरवले. काशिनाथचं घड्याळ दोन दिवस बाहेर ठेवलं. आबासुद्धा कप हातात घेऊन आमच्यामागं फिरायचे. "कुठं वाजतंय? मला तर काही ऐकू येत नाही."

शेवटी सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी घाबरून दवाखाना गाठला. तिथल्या मशीनवाल्यानं तपासलं आणि सांगितलं, "तुमचं ठणठणीत आहे. काही मशीनं बॅटरी संपत आली की रोज ठरलेल्या वेळी वाजतात, पण तुमची बॅटरी नवी आहे. हा आवाज तुमचा नाही."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी हे सगळ्यांना सांगितलं. पण त्या दिवशी आवाजच आला नाही, कारण आबा कप तसाच ठेवून मध्येच बाहेर निघून गेले होते. अर्थात हे "कारण" मी आज म्हणतोय. तेव्हा आम्हाला वाटलं, कटकट मिटली.

त्याच्या पुढच्या दिवशी आबा वेळेच्या आधीच आले. चहा घेतला नाही. दार लोटून घेतलं आणि आमच्या मधोमध उभे राहिले. नुसते आमच्या तोंडांकडं बघत होते.

पीं-पीं. पीं-पीं.

बबनच्या हातातलं बिस्कीट चहात बुडालं ते वर आलंच नाही.

"वाजलं का?" आबांनी विचारलं.

मी मान हलवली. आबांचा हात हळूहळू वर गेला आणि डाव्या खांद्याखाली थांबला. बबनची नजर कोपऱ्यातल्या दांड्याकडं गेली. काशिनाथ दाराकडं सरकला.

"काशिनाथ," आबा म्हणाले, "मेन पाडू नकोस. मी गाडी बोलावलीय, दवाखान्यातच चाललोय."

मग त्यांनी ड्रॉवर उघडला, माझा टेस्टर काढला, फडक्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"दोन नंबरच्या प्रेसला प्रॉब्लेम आहे, बघून घे," ते म्हणाले. "आणि टेलरकडून खिसा उजवीकडं शिवून घे."