चार सुया

"अडलं कुठं, थे सांगा," असं म्हणत ते आधी स्वतःच खुर्चीत टेकत. रोगी उभा आणि वैद्य बसलेला. दिवसभर फलाटावर पोत्यांमागे फिरून त्यांचे पाय भरून आलेले असत.

तुमसर रोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात ते माझे वरिष्ठ. त्या काळात तुम्ही तिथं उतरला असाल, तर त्यांना पाहिलंही असेल. कानावर पेन्सिल, डोळे अर्धे मिटलेले. गाव लाखनीकडचं, पण उमेदीची वर्षं कलकत्त्यात गेली. तिथल्या एका म्हाताऱ्या चिनी वैद्याकडून ते सुया टोचायला शिकले होते. कामावरून आले की क्वार्टरच्या व्हरांड्यात स्टोव्हवर सुया उकळायला ठेवत. तांदळाच्या गिरणीतले हमाल तोवर येऊन बसलेले असत.

"अंगात एक वारं फिरत रायते. चिनी लोक त्याले 'ची' म्हणतात. मानूस दुःख गिळते, तं थे वारं अडते," हे सांगतानाच त्यांना जांभई येई. आम्ही मागं हसायचो.

मग आमची चार वर्षांची शकू तापात गेली. काही महिन्यांनी बायकोच्या घशात गोळा अडकल्यासारखं होऊ लागलं. घास उतरेना. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, घसा साफ आहे. शेवटी तिला मी त्यांच्या व्हरांड्यात नेलं.

त्यांनी दोन सुया तिच्या हातांत टोचल्या, अंगठ्याच्या बेचक्यात. आणखी दोन तिच्या पावलांवर. मग माझ्याकडे वळले.

"पोरीचं नाव काय होतं रे?"

मी त्यांच्याकडे पाहत तोंड उघडलं.

"मले नोको सांगू. हिच्याकडं पाहून सांग."

पोर गेल्यापासून घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं. "शकू," मी म्हणालो. बायकोनं असा हंबरडा फोडला की शेजारचे बाहेर आले.

त्यांनी तिची मनगटं धरली. "रडा खुशाल, बाई. पन हात हालवू नोका, सुई वाकते."

गोळा एका दिवसात गेला नाही. आठ-दहा खेपा झाल्या. पण त्या दिवशी घरी येताना ती वाटभर शकूबद्दल बोलत होती.

पुढं त्यांची बायको वारली. तेरवी झाली आणि ते पुन्हा व्हरांड्यात बसले. माझ्या बायकोनं विचारलं, "बाबूजी, तुमाले कोन पाहते?"

"माहं काही अडलं नाही, बाई. थकलो फक्त."

निवृत्त झाल्यावर ते रायपूरला मुलाकडे निघाले. फलाटावर पन्नासेक माणसं हार घेऊन जमली. ते खिडकीशी बसले, आणि गाडी सुटायच्या आधीच त्यांना झोप लागली. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणे. एक हमाल त्यांना हलवायला पुढं झाला. माझ्या बायकोनं त्याला अडवलं.

"झोपू द्या."

गाडी हलली. हार आमच्या हातांतच राहिले.