कोळशातले बाबा आणि त्यांची पोलंडची नात

बाबा गेले.

आज सकाळी, इथे आखातात, खलिफा सिटीतल्या आमच्या घरी, चहा अर्धा टाकून. या माणसाने आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी अर्धं टाकलं.

त्यांची सगळी नोकरी तिकडे भारतात, कोळशाच्या वीजकेंद्रात झाली. कोळशाला कुणी नावं ठेवली की आमच्या जेवणाच्या टेबलावर कर्फ्यू!

आणि माझी रेवा, त्यांची एकुलती एक नात, इथेच वाढलेली, एक दिवस त्यांना म्हणते, "आजोबा, आय वॉन्ट टु शट डाउन कोल प्लांट्स. इन युरोप."

म्हटलं, झालं! आता महाभारत.

पण बाबा टॅब घेऊन खोलीत गेले. दोन-तीन दिवस जेवणापुरतेच बाहेर.
रेवा रडकुंडीला आली. आजोबांचा आशीर्वाद नसेल तर जाणारच नाही म्हणे. हट्ट अगदी त्यांचाच!

मग शनिवारी बाबा टॅब घेऊन बाहेर आले. युरोपचा नकाशा. कुठल्या देशाच्या विजेमागे किती कार्बन, ते रंगांत. नॉर्वे, स्वीडन, फ्रान्स हिरवेगार. पोलंड तपकिरी.

"ॲडमिशन कुठे मिळतेय?"

"स्वीडन ऑर पोलंड. स्वीडन इज बेटर, आजोबा."

"तिथे जाऊन काय दिवे लावणार? त्यांच्याकडे धरणं आहेत, अणुभट्ट्या आहेत. पोलंडला जा. डॉक्टरने आजाऱ्याच्या घरी जावं."

टॅब तिच्या हातात दिला. मग म्हणाले,

"फक्त एक कर बाळा. चिमणी बंद कर, कुणाची चूल नको."

रेवा गळ्यातच पडली. बाबांचे डोळे भरलेले, आणि आवाज चढलेला, "तो एसी कमी करा रे आधी! वीज काय फुकट येते?"

आता ती पोलंडमध्ये, एका कोळशाच्या गावात असते. बंद होणाऱ्या केंद्रातल्या लोकांना दुसरं काम मिळवून देते.

काल संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. "आजोबा, प्लांट क्लोज्ड टुडे! ऑलमोस्ट एव्हरीवन हॅज अ जॉब."

बाबा हसले नाहीत. "ऑलमोस्ट म्हणजे? राहिलंय कोण? नावं सांग."

तिने सांगितली. ती अवघड पोलिश नावं बाबा चुकत, परत विचारत, जमेपर्यंत म्हणत राहिले. कुठली कोण माणसं, पण यांना काळजी.

आज मीच तिला फोन केला. खूप रडली. म्हटलं, मिळेल ते फ्लाइट पकड.

"येते आई, संध्याकाळच्या फ्लाइटने. दुपारी इथल्या एका कामगाराचा इंटरव्ह्यू आहे, आय हॅव टु गो विथ हिम. ही वॉज ऑन आजोबाज लिस्ट."

मी कशी नको म्हणू?

बाबा, निवांत जा. राहिलेल्यांचं ती बघतेय.